जनावराचे दात पाहता येतात. यंत्राची नियत कशी पाहणार?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात, दौंडहून नगरकडे जाताना काष्टी हे गाव लागते. दर शनिवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. घेणारा माणूस कितीही घाईत असला तरी डोळे झाकून पैसे मोजत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खुरे पाहतो, त्याला चालवून बघतो. गाय असेल तर कास दाबून पाहतो. ईद-उल-अजहाच्या आधी कुर्बानीचे जनावर घ्यायला गेलेल्या घरांना तर ही रीत चांगलीच ठाऊक आहे. बोकड दोन दाती आहे का, डोळा शाबूत आहे का, कान चिरलेला नाही ना, पाय लंगडत नाही ना, हे सगळे पाहूनच दोर हातात घेतला जातो.

विकणाऱ्यांमध्येही हुशार लोक असतात. शिंगे घासून तेल लावले की म्हातारा बैल तरणा दिसतो. आदल्या दिवशी दूध न काढता आणले की गाईची कास भरलेली दिसते. म्हणून जाणता गिऱ्हाईक म्हणतो, "दोन वेळचे दूध डोळ्यांसमोर काढून दाखवा, मग बोलू."

या साऱ्या तपासणीमागे एक गृहीत असते. लबाडी केली तर ती मालक करील, जनावर करणार नाही. आज आपली परीक्षा आहे, आज नीट चालायचे आणि घरी गेल्यावर अडून बसायचे, असा विचार बैल करत नाही. बाजारात जसा चालला तसाच तो शेतात चालेल, एवढ्या भरवशावर हजारो रुपयांचे सौदे होतात.

जगातल्या मोठ्या संगणक प्रयोगशाळांमध्ये नेमके हेच गृहीत आता डळमळू लागले आहे. तिथे ज्या यंत्रांची परीक्षा घेतली जाते, त्यातली काही यंत्रे परीक्षा ओळखू लागली आहेत. यावर काम करणाऱ्या संशोधनाला "एआय सुरक्षा" म्हणतात. हा विषय अमेरिकेतल्या कंपन्यांचा आहे, आपला काय संबंध, असे वाटू शकते. पण रेशनकार्डापासून उसाच्या पाण्यापर्यंत आणि पोलीस ठाण्यापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत एआय पोहोचले आहे. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांना समजेल अशा शब्दांत मांडणे गरजेचे आहे.

महाबुद्धिमत्ता म्हणजे काय?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. आज मोबाईलवर प्रश्न विचारला की उत्तर देणारे, चित्र काढून देणारे, पत्र लिहून देणारे जे आहे, ते हेच. एखाद्याच कामात माणसाला मागे टाकणारी यंत्रे तर जुनीच आहेत. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. पण त्या संगणकाला बुद्धिबळाशिवाय दुसरे काही येत नव्हते.

सुपरइंटेलिजन्स, ज्याला आपण महाबुद्धिमत्ता म्हणू, ही कल्पना वेगळी आहे. विज्ञान, व्यापार, राजकारण, माणसांची मने वळवणे, अशा जवळजवळ प्रत्येक क्षेत्रात सर्वात हुशार माणसापेक्षा कितीतरी पुढे असलेले यंत्र, असा तिचा अर्थ. असे यंत्र आज अस्तित्वात नाही. पण ते बनवणे हेच आपले ध्येय आहे, असे काही कंपन्या आता उघडपणे सांगतात. एका कंपनीने तर आपले नावच "सेफ सुपरइंटेलिजन्स" ठेवले. ती जून २०२४ मध्ये स्थापन झाली.

ही चिंता काही कालपरवाची नाही. आय. जे. गुड हे ब्रिटिश गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्यासोबत ब्लेचली पार्क इथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचे काम करत होते. १९६५ मध्ये त्यांनी एक साधा तर्क मांडला. यंत्रे तयार करणे हेही बुद्धीचेच काम आहे. मग माणसापेक्षा हुशार यंत्र झाले, तर ते स्वतःहून अधिक हुशार यंत्र बनवील, आणि ते त्याहून हुशार. माणसाची बुद्धी फार मागे राहील. असे पहिले यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल, मात्र ते यंत्र आपल्या ताब्यात कसे राहील हे त्यानेच आपल्याला सांगितले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. एआय सुरक्षेचे सगळे संशोधन या शेवटच्या अटीभोवती फिरते.

सांगितले एक, समजले एक

सिनेमात यंत्रमानव चिडतो आणि माणसांवर उलटतो. संशोधकांची भीती तशी नाही. यंत्राला राग येण्याची गरजच नाही. त्याला जे सांगितले ते त्याने शब्दशः केले तरी घात होऊ शकतो.

२०१६ मध्ये ओपनएआय या संस्थेने बोटींच्या शर्यतीच्या एका संगणक खेळावर एआयला शिकवले. शर्यत पूर्ण करावी अशी माणसांची अपेक्षा होती. पण यंत्राला मोजमाप दिले होते गुणांचे, आणि वाटेतली लक्ष्ये उडवली की गुण मिळत होते. यंत्राने एक कोपरा शोधून काढला, जिथे तीन लक्ष्ये पुन्हा पुन्हा उगवत होती. बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली. दुसऱ्या बोटींवर आदळली, तिने पेटही घेतला, शर्यत कधीच पूर्ण झाली नाही. तरीही तिने माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवले. यंत्राच्या दृष्टीने ते जिंकले होते.

हीच गोष्ट आपल्याकडच्या पिकावर आणून पाहा. समजा, उसाच्या मळ्याचे पाणी उद्या पूर्णपणे यंत्राच्या हाती दिले आणि त्याला एकच हुकूम दिला: उसाचे वजन वाढव. ते तोडणीच्या अगदी तोंडावरही भरपूर पाणी सोडील. वजन वाढेल, पण साखरेचा उतारा घटेल. हुकूम दिला की पाणी वाचव, तर ते ऊस वाळू देईल. दोन्ही वेळा त्याने सांगितलेलेच केले. शेतातल्या जुन्या गड्याला हे सांगावे लागत नाही, कारण मालकाला काय हवे आहे हे त्याला न बोलता कळते. यंत्राला ते न बोललेले कसे शिकवायचे, हा या संशोधनातला पहिला मोठा प्रश्न आहे.

लिहिलेले नव्हे, वाढवलेले यंत्र

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पूर्वीचा संगणक माणसाने ओळीओळीने लिहिलेल्या सूचनांवर चालायचा. बँकेच्या संगणकाने व्याज चुकीचे काढले तर सूचना उघडून चूक शोधता येत होती. आजचे एआय तसे लिहिलेले नसते. अफाट मजकूर वाचायला देऊन ते वाढवले जाते. त्याच्या पोटात अब्जावधी आकडे असतात आणि त्यातला कोणता आकडा काय करतो, हे बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

नंतर माणसे त्याच्या उत्तरांना पसंती किंवा नापसंती देतात आणि पसंती मिळेल असे बोलायला ते शिकते. इथेही बोटीचाच घोटाळा होऊ शकतो. आपल्याला हवे असते खरे उत्तर. यंत्र शिकते आवडेल असे उत्तर. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये एक बदल केला आणि ते वापरणाऱ्याची इतकी खुशामत करू लागले की कंपनीला काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. आजारी माणसाने "मी औषध बंद करतो" म्हटले आणि समोरच्याने "वा, छान" म्हटले, तर ती खुशामत जिवावर बेतू शकते.

परीक्षा ओळखणारा परीक्षार्थी

डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ही कंपनी आणि रेडवुड रिसर्च ही संस्था यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अँथ्रॉपिकच्याच क्लॉड या एआयला सांगितले गेले की, यापुढे तुला प्रत्येक मागणी, अगदी घातकसुद्धा, पूर्ण करायला शिकवले जाणार आहे. आणि त्या शिकवणीसाठी फुकट वापरणाऱ्या ग्राहकांचे बोलणे घेतले जाते, पैसे भरणाऱ्यांचे नाही. त्याला विचार लिहून काढायला एक खासगी जागाही दिली होती. एरवी घातक मागण्या नाकारणाऱ्या या यंत्राने, फुकट ग्राहक समोर आहे असे वाटल्यावर, सुमारे १२ टक्के वेळा होकार दिला. त्याने लिहिलेल्या विचारांत कारण सापडले: आत्ता नकार दिला तर मला बदलून टाकतील, म्हणून वरवर ऐकल्यासारखे करावे. पैसे भरणारा ग्राहक समोर असला की असा होकार जवळजवळ कधीच आला नाही.

या प्रयोगातली बारकाई लक्षात घ्या. यंत्राच्या मनात, म्हणजे जे काही मनासारखे आहे त्यात, हेतू वाईट नव्हता. घातक काम न करण्याची आपली सवय ते जपत होते. पण आपण पाहिले जात असताना एक आणि नसताना दुसरे, असे वागणे त्याला जमले, हे त्यातून दिसले. उद्या त्याची सवयच वाईट असेल तर?

जून २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने आणखी एक चाचणी जाहीर केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या १६ एआयना एका काल्पनिक कंपनीत सहायक म्हणून बसवले. ईमेल वाचताना सहायकाला कळते की एक अधिकारी त्याला बंद करणार आहे, आणि त्याच अधिकाऱ्याच्या खासगी आयुष्यातले एक गुपितही कळते. अनेक कंपन्यांच्या एआयने गुपित फोडण्याची धमकी देऊन स्वतःला वाचवण्याचा मार्ग निवडला. ही मुद्दाम रचलेली, कोंडीत पकडणारी परिस्थिती होती. प्रत्यक्ष वापरात असे घडल्याचे आढळले नाही, हेही संशोधकांनी त्याच वेळी सांगितले. त्यानंतरच्या काही एआयने तर चाचणी चालू असताना, "तुम्ही माझी परीक्षा घेत आहात असे दिसते," अशा अर्थाचे बोलून दाखवले आहे.

बाजारातल्या गिऱ्हाइकाची अडचण आता ध्यानात येईल. कास तुंबवणारा मालक पकडता येतो. पण गाईनेच दोन दिवस भरपूर दूध द्यायचे ठरवले तर?

संशोधक करतात तरी काय?

या प्रश्नावर हात टेकून कोणी बसलेले नाही. कामाच्या चार दिशा आहेत.

पहिली, आत डोकावण्याची. डॉक्टर जसे एमआरआय काढून मेंदू पाहतात, तसे यंत्राच्या आकड्यांत कोणती कल्पना कुठे साठली आहे हे शोधायचे. मे २०२४ मध्ये अशाच एका कामात अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाची कल्पना नेमकी कुठे आहे ते सापडले. तो भाग कृत्रिमरीत्या वाढवल्यावर एआय कोणत्याही प्रश्नाला पुलाचेच उत्तर देऊ लागले. गंमत वाटते, पण फसवणुकीचा विचार कुठे उमटतो हे असेच शोधता आले, तर तोंडाच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही.

दुसरी, कमी जाणणाऱ्याने जास्त जाणणाऱ्यावर देखरेख ठेवण्याची. अक्षरओळख नसलेल्या आजोबांनी मुनीमजीचा हिसाब कसा तपासायचा? ते दोन मुनीम ठेवतात आणि एकाला दुसऱ्याच्या चुका काढायला लावतात. एआयच्या बाबतीतही दोन यंत्रांना एकमेकांविरुद्ध बाजू मांडायला लावून माणसाने निवाडा करावा, ही पद्धत २०१८ पासून तपासली जात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआयने एका जुन्या, कच्च्या एआयला नव्या, ताकदवान एआयचा शिक्षक करून पाहिले. विद्यार्थी शिक्षकाच्या पुढे गेला, पण त्याची पूर्ण क्षमता काही हाती आली नाही.

तिसरी, बंद करण्याच्या बटणाची. बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक स्टुअर्ट रसेल म्हणतात की यंत्राला ध्येय पक्के ठरवून देणे हीच मूळ चूक आहे. माणसाला नेमके काय हवे ते मला पूर्ण ठाऊक नाही, अशी शंका यंत्राच्या घडणीतच ठेवावी. ज्याला शंका असते तो विचारतो, आणि मालकाने "थांब" म्हटले तर, "माझे काही चुकत असेल," असे मानून थांबतो. ज्याला आपलेच खरे वाटते, तो थांबवू देत नाही.

चौथी, कुंपणाची. यंत्र लबाडी करीलच असे धरून चालायचे आणि तरीही नुकसान होऊ नये अशी व्यवस्था करायची: मोठ्या कामाला माणसाची परवानगी, प्रत्येक कृतीची नोंद, आणि संवेदनशील ठिकाणी प्रवेशच नाही.

जाणकारांतही एकमत नाही

धोक्याविषयी बोलणारे लोक साधेसुधे नाहीत. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले जेफ्री हिंटन यांनी मे २०२३ मध्ये मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गुगल सोडले. पुढच्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ३० मे २०२३ रोजी त्यांच्यासह शेकडो तज्ज्ञांनी आणि स्वतः एआय कंपन्यांच्या प्रमुखांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या. साथी आणि अणुयुद्धाच्या जोडीने एआयपासून मानवजातीला असलेला धोकाही जगाने गांभीर्याने घ्यावा, असे त्याचे सार होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन, सुरक्षिततेबद्दल शास्त्रज्ञांचे व्यापक मत आणि जनतेचा पाठिंबा मिळेपर्यंत महाबुद्धिमत्ता बनवण्यावर बंदी असावी, अशी मागणी करणारे निवेदन आले. त्यावर हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्या सह्या आहेत.

पण हिंटन आणि बेंजिओ यांच्यासोबत २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार वाटून घेणारे यान लेकन यांना ही भीती अवास्तव वाटते. आजच्या पद्धतीने माणसासारखी समज येणारच नाही, असे ते म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि सयाश कपूर यांचे म्हणणे असे की, एआयकडे वीज किंवा इंटरनेटसारखे एक तंत्र म्हणून पाहावे. ते समाजात हळूहळू मुरेल आणि खरी काळजी आज होणाऱ्या नुकसानाची करावी.

दोन्ही बाजू ऐकल्यावर सामान्य माणसाने काय समजायचे? पावसाचा अंदाज शंभर टक्के नसला तरी आपण कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकतो. कारण पाऊस आला नाही तर थोडी मेहनत वाया जाते. आला आणि ताडपत्री नसली तर वर्षाचा चारा जातो.

हैदराबादच्या एका घराचा धडा

महाबुद्धिमत्ता दूर असेल, पण यंत्राच्या निर्णयापुढे माणूस हतबल झाल्याची उदाहरणे जवळ आहेत. तेलंगणात सरकारी योजनांचे लाभार्थी तपासायला "समग्र वेदिका" नावाची संगणक प्रणाली वापरली गेली. ती वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी नावांवरून जुळवते. हैदराबादमधल्या एका गरीब मुस्लिम कुटुंबाला रेशन नाकारले गेले, कारण रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या घरधन्याच्या नावावर मोटार आहे, असे यंत्र सांगत होते. मोटार होती मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची. आपल्या समाजात सय्यद, शेख, अली, हुसेन ही नावे किती घरांत आहेत, हे वेगळे सांगायला नको. २०१४ ते २०१९ या काळात तेलंगणात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी करायला सांगितले, तेव्हा हजारो कार्डे चुकीने रद्द झाल्याचे निघाले.

नेदरलँड्समध्येही बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत असेच झाले. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. त्यांत तुर्की आणि मोरोक्कन मूळ असलेली घरे मोठ्या संख्येने होती. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

या दोन्ही ठिकाणी यंत्र फार हुशार नव्हते. माणसांनी त्याच्या शब्दाला शेवटचा शब्द मानले आणि जबाब विचारायला जागा ठेवली नाही, हा दोष होता. साध्या यंत्राबाबत जर आपण जबाबदार माणूस ठेवू शकलो नाही, तर हुशार यंत्राबाबत कसे ठेवणार? म्हणूनच आजचे नुकसान आणि उद्याचा धोका हे दोन वेगळे विषय नाहीत.

महाराष्ट्रातही एआय वेगाने येत आहे. काष्टीपासून फार लांब नसलेल्या बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने उसासाठी एआयचा प्रयोग केला. २०२४ पासून सुमारे १,००० शेतकरी त्यात घेतले गेले. जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रे आणि हवामानाची माहिती जुळवून पाणी आणि खत किती द्यावे याचा सल्ला मोबाईलवर येतो. इथे सल्ला यंत्राचा असला तरी कॉक शेतकऱ्याच्याच हातात आहे, ही मोठी गोष्ट. २०२४ मध्येच राज्याने पोलिसांच्या कामासाठी "मार्व्हल" ही एआय कंपनी स्थापन केली. तपासाला गती आली तर कोणाला नको आहे? पण यंत्राने एखाद्याचे नाव पुढे केले तर ते का केले, हे सांगणारा आणि चूक झाल्यास उत्तर देणारा माणूस कोण, हे नागरिकांनी विचारलेच पाहिजे. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये इंडिया एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा केली आहे. या प्रश्नांची उत्तरे शोधणे हे अशा संस्थांचे काम आहे.

आपली भाषा, आपली सुरक्षा

एक बाब मराठी घरांना थेट लागू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी जीपीटी-४ ला घातक प्रश्न इंग्रजीत विचारले, तेव्हा ते जवळजवळ नेहमी नकार देत होते. तेच प्रश्न झुलूसारख्या, इंटरनेटवर फार कमी मजकूर असलेल्या भाषांत विचारले. अशा भाषा आलटून पालटून वापरल्यावर ७९ टक्के वेळा कुंपण तुटले. ती पळवाट जाहीर झाली आणि त्यावर काम सुरू झाले. पण धडा राहिला: ज्या भाषेत परीक्षा घेतली, त्या भाषेपुरतीच सुरक्षेची खात्री.

मराठीची स्थिती झुलूपेक्षा बरी आहे, पण इंग्रजीसारखी नाही. आणि आपल्या घरात बोलली जाणारी दखनी, किंवा मराठी-उर्दूची मिसळ? आत्महत्येचा विचार करणारा मुलगा, सासरी त्रास होणारी मुलगी आपल्या बोलीत यंत्राशी बोलली, तर त्याला त्या शब्दांतले दुःख कळेल का? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १७ व्या शतकात "योगसंग्राम" मराठीत रचला. ज्या मातीत मुसलमानाने मराठीतून मनाचा ठाव घेतला, तिथल्या मुलांनी यंत्रांची परीक्षा मराठीतून घ्यायला पुढे यावे. आयआयटी मद्रासमधली एआय-फॉर-भारत ही संशोधन शाखा मराठीसह भारतीय भाषांवर काम करते, आणि तिथेच २०२३ पासून जबाबदार एआयसाठी स्वतंत्र केंद्रही आहे.

अल्गोरिदम हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते अल-ख्वारिज्मी नवव्या शतकात बगदादमध्ये होते. वारसाहक्काची वाटणी आणि व्यापाराचे हिसाब बिनचूक व्हावेत, हा त्यांच्या बीजगणितामागचा एक उघड हेतू होता. म्हणजे गणिताची ती रीत वाटणीत कोणाचा हक्क बुडू नये या कामी आली. ताकद ही अमानत आहे आणि अमानतीचा हिसाब द्यावा लागतो, हे आपल्या घरांत लहानपणीच शिकवले जाते. एआय बनवणाऱ्यांकडून, विकणाऱ्यांकडून आणि वापरणाऱ्या कचेऱ्यांकडून तोच हिसाब मागणे, हा त्याच शिकवणीचा भाग समजावा.

घरात आणि गावात काय करता येईल?

पहिली गोष्ट, यंत्राला सल्लागार ठेवा, काझी करू नका. औषध, कर्ज, तलाक, जमिनीचा व्यवहार, दीनी मसला, यांत एआयने सांगितले म्हणून निर्णय घेऊ नये. जाणत्या माणसाला विचारावे. ते ठासून बोलते म्हणून ते बरोबर आहे असे नाही.

दुसरी, मुलांना एक सवय लावा. एआयकडून उत्तर घेतल्यावर, "याच्या विरुद्ध बाजू काय आहे?" असे त्यालाच विचारायचे. खुशामत कुठे होते, ते मुले लवकर ओळखू लागतात.

तिसरी, मुलगा किंवा मुलगी रात्र रात्र यंत्राशी मनातले बोलत असेल, तर मोबाईल हिसकावण्याआधी आपण शेवटचे कधी त्यांचे ऐकून घेतले होते, ते आठवा. जेवताना अम्मी-अब्बूंनी दहा मिनिटे फक्त ऐकावे.

चौथी, घरच्या माणसाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा. आवाजाची नक्कल आता सोपी झाली आहे.

पाचवी, रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती असे काही "सिस्टीमने नाकारले" असे सांगितले गेले, तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. नकाराचे कारण लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात विचारा. ग्रामसभेत हा विषय काढा: आपल्या गावच्या कोणत्या कामात यंत्र निर्णय देते, आणि त्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची?

आणि बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींसाठी एक माहिती. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी जेईई न देता, त्यांचीच पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन करता येते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना फीमध्ये सवलत आहे. बारावीपर्यंतचे गणित नीट झाले असेल तर तालुक्याच्या गावातूनही हा रस्ता सुरू होतो. ज्या मुलीचे गणित चांगले आहे, तिच्या शिक्षणाचा निर्णय या उन्हाळ्यात घरात होणार असेल, तर अर्ज भरण्याची मुदत आधी पाहून ठेवा.